एका खुर्चीचं घर

वसंता गेल्याचं सुनंदानं, त्याच्या बायकोनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी दूध तापवत होते. "आक्का, हे उठंनात बघा... खुर्चीतच हाईत," एवढंच ती म्हणाली. वडगावातच, शेजारच्या गल्लीत त्याचं घर. तिथं पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, आला तो रागच. माझा धाकटा भाऊ, निवृत्त न्यायाधीश, आणि गेला तो त्याच खुर्चीत, जिच्यावरून मी त्याच्याशी आयुष्यभर भांडले!

त्या खुर्चीचं सांगायला हवं. आमचं विणकराचं घर. येईल त्याला बसायला द्यायचं आणि चहा पाजायचा, ही आईची शिस्त. वसंता न्यायाधीश झाला आणि त्यानं बाहेरच्या खोलीत एकच वेताची खुर्ची ठेवली. तिच्यात स्वतः बसायचा. आलेला माणूस उभा. घरच्यांनी आत स्वयंपाकघरात, पाटावर बसायचं. नात्यातल्या किती जणांनी येणं सोडलं, काय सांगू! मी म्हटलं, "अरे, माणसं नावं ठेवत्यात." तर म्हणाला, "बसाय दिलं की च्या द्यावा लागतोय, आक्का. च्या पोटात गेला की केसचा विषय निघतोय." लग्नं बंद, बारशी बंद, गल्लीतल्या गणपतीची आरतीसुद्धा बंद, कारण तिथं कोण पुढारी शेजारी येऊन उभा राहील आणि फोटो निघेल, याचा नेम नाही. मला हे सगळं फाजील वाटायचं. एवढं कोण लागतंय याच्या मागं?

मग सदलग्याकडच्या एका गावच्या गायरानाचा दावा त्याच्यापुढं आला. एका पुढाऱ्यानं गायरानात कॉलेजसाठी कुंपण घातलं होतं आणि गुरं चारायला जागा उरली नाही म्हणून गावकरी कोर्टात गेले होते. वसंतानं बांधकामाला मनाई दिली. झालं! पुढाऱ्याचा माणूस कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन थेट माझ्या दारात हजर. "बाई, तुमी नुसतं कानावर घाला. साहेब भावाला वरच्या कोर्टात न्यायचं बघत्यात." जन्मभर शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेली मी, डब्यासकट त्याला बाहेर काढला. वसंताला फोन केला तर तो हसायला लागला. म्हणाला, "त्याला बसाय दिलतीस व्हय?"

निकालाच्या तोंडावर त्याची बदली झाली, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रायचूरला. कुणी केली, कशी झाली, हे असल्या बाबतीत कधी कळत नाही. कागदोपत्री सगळं नियमानंच असतं, आणि नेमकं हेच डोक्यात जातं! जायच्या आधी त्यानं निकाल दिला, गावकऱ्यांच्या बाजूनं. पुढं अपील झालं, स्थगिती मिळाली, तारखांवर तारखा पडत राहिल्या. आज त्या गायरानात कॉलेज भरतं, आणि वसंता बढतीवाचून निवृत्त झाला. "काय मिळालं रं तुला?" मी चिडून विचारलं. "निकाल मीच लिवलोय, आक्का," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी सांगून न्हाय."

सुतकात तोच पुढारी भेटायला आला. मागं मोबाईल धरलेली माणसं. त्यानं फोटोला हार घातला आणि मोबाईलकडं बघत म्हणाला, "असा निर्भीड न्यायाधीश पुन्हा होणे नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोलीभर सतरंजी अंथरलेली होती, सगळे खालीच बसले होते. "साहेबांचे गुडघे दुखत्यात," म्हणत त्याच्या माणसानं कोपऱ्यातली ती खुर्ची पुढं ओढली. सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. या खुर्चीच्या नावानं तिनं संसारभर बोटं मोडली, एकदाही तिच्यात बसली नाही... ती उठली आणि शांतपणे जाऊन तिच्यात बसली. "बसा की साहेब, सतरंजी हाय," म्हणाली. तो उभाच राहिला. मग मोबाईल खाली आले आणि मंडळी निघून गेली.

आता संध्याकाळी मी तिच्याकडं जाते तेव्हा ती त्याच खुर्चीत असते, मी आतून पाट आणते. परवा माझा मुलगा तिला म्हणाला, "मामी, आता तरी दोन खुर्च्या आणूया की."

"ऱ्हाऊ दे रं," सुनंदा म्हणाली. "अपील अजून चालू हाय."