कर्नल नवा, फाइली कुणाच्या?

त्या अंगठ्याची मला आजही किळस येते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात युनिक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचे, आमच्या भाषेत मशीनचे, प्रमुख होते, त्यांचा तो अंगठा. सगळे त्यांना आप्पा म्हणत. निपाणीची तंबाखू मळायची आणि त्याच ओल्या अंगठ्यानं मॅन्युअल चाळायचं. पानोपानी तपकिरी ठसे!

मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो. कायम व्हायचं तर सोमवारी प्राचार्यांना माझा प्रोग्राम दाखवायचा होता: कोणत्या विद्यार्थ्यानं असाइनमेंटची फाइल कधी जमा केली, त्याची यादी.

शनिवारी बंगळूरहून नव्या कर्नलची टेप आली. कर्नल म्हणजे मशीनचा आतला कारभारी. आप्पांनी टेपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डवर उडवलं. कर्नल चढला. इथवर ठीक. मग आप्पा महाराजांनी नव्या कर्नलच्या हेडर फाइली उचलल्या आणि आमचे प्रोग्राम जिथून वाचत, त्या डिरेक्टरीत जुन्यांवर ओतल्या.

हेडर फाइल म्हणजे कोणती माहिती कितव्या खणात, याचा कागद. आमचे प्रोग्राम कर्नलशी थेट बोलत नसत; मध्ये लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा दुभाषा, असे. ती जुन्या कागदावर बांधलेली, आणि नवा कर्नल तिची जुनी रीत सांभाळून घेत होता. म्हणजे कागदही तिचाच हवा.

"आप्पा, त्या फाइली लायब्ररीच्या जोडीच्या हाईत. र्‍हाऊ देत की."

"कर्नल नवा आन् फाइली जुन्या? देवाला शिळा निवद दावतोस व्हय रं?"

सोमवारी सकाळी एक ओळ सुधारून मी प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला, म्हणजे नव्या कागदानुसार मशीनच्या भाषेत उतरवला. प्राचार्यांनी चष्मा चढवला. सगळ्या असाइनमेंट एकोणीसशे सत्तरच्या एक जानेवारीला, पहाटे साडेपाचला जमा! नव्या कागदात तारखेचा खण पुढं सरकला होता. लायब्ररी जुन्या खणात तारीख ठेवत होती, प्रोग्राम रिकाम्यात हात घालत होता. आणि मशीनच्या लेखी शून्य म्हणजे तोच दिवस: ग्रीनिचची मध्यरात्र, आपली पहाट.

"तेव्हा ही मुलं लंगोटात होती," प्राचार्य म्हणाले.

"कच्चं काम, सर," आप्पा चुकचुकले. "दुसरं कुणी बघूया."

मी अर्धा तास मागून घेतला. प्राचार्य चहाला गेले. जुन्या टेपवरून हेडर फाइली परत आणल्या, कंपाइल केलं. तारखा शहाण्यासारख्या रांगेत आल्या.

"काय केलंत?" परतलेल्या प्राचार्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "बसून करून घेतलं त्याच्याकडनं. नव्या फाइली नीट बसल्या न्हवत्या. व्हय का न्हाय रं?"

कायमची नोकरी समोर उभी होती.

"व्हय, आप्पा."

त्याच आठवड्यात पत्र मिळालं. पुढच्या महिन्यात आप्पांनी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: कर्नल बदलला की हेडरही बदला. मी शेजारी खडू धरून उभा होतो, मान डोलवत. शी!