सुऱ्याने न पाहिलेली सुरुवात

मंडळी, आज कल्याणला सिनेमाचा प्लॅन होता. मी आणि विजू शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि थेट इंटरव्हलला पोचलो.

आमचा दोस्त सुऱ्या तिकिटं घेऊन बाहेरच उभा!

नव्वदच्या दशकात तो जवळच्या मोहने गावात कंपनीत होता. शिफ्ट सुटून येईपर्यंत अर्धा सिनेमा संपलेला असायचा. मग हॉटेलात मिसळ खाताना विजू त्याला सुरुवात सांगायचा, मारामारीसकट.

"अरे, आज तर वेळेत आलेलास. आत का नाही गेलास?" मी विचारलं.

"सुरुवात मी कधी बघतो का रे? ती विजूकडून ऐकायची असते."

उरलेला सिनेमा बघून आम्ही मिसळ खायला बसलो. विजूने स्वतःही न पाहिलेली सुरुवात सांगितली, मारामारीसकट.

सुऱ्या म्हणाला, "सिनेमा भारी होता यार!"