बैलाच्या कासऱ्याने बांधलेल्या होड्या

"पाय वढू नको, वयनी! ढिला सोड, ढिला!"

विमल ओरडत होती आणि मी पाय ओढतच होते. माझी होडी पालथी झाली होती, पायात कासऱ्याचा फास होता आणि तोंडात धरणाचं पाणी जात होतं. जितकं ओढावं तितका फास आवळत होता...

विमल माझी धाकटी नणंद. तीन आठवड्यांपूर्वी अकोल्याला आपल्या पलंगावर झोपेतच गेली. तेरवी झाली. तिची मुलगी म्हणाली, मामी, पेपरसाठी आईवर तुम्हीच लिहा. मी चौथी शिकलेली. जे धड आठवतं ते लिहिते.

टाळेबंदीच्या थोडं आधी या मुलीनेच अमरावतीहून बायकांची सहल काढली होती. पातूरकडच्या एका धरणात कयाक चालवायच्या आणि रात्री काठावर तंबूत राहायचं. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. मी म्हटलं, "म्हातारपनी हे काय डोहाळे?" विमल म्हणाली, "भेव वाटते म्हनून सांग ना." मग जाणं आलंच.

संध्याकाळी वारा सुटला आणि आमच्या होड्या एकमेकींपासून लांब जायला लागल्या. आमची वळकटी बांधायला मी घरून बैलाचा कासरा नेला होता, तो माझ्या होडीतच होता. विमलने तो घेतला आणि दोन्ही होड्या एकीला एक बांधल्या. "आता कशी जोडी जुपली!" शिकवणारी बाई पुढे होती, तिला दिसलं नाही. कासऱ्याचं उरलेलं टोक माझ्या पायाशी पडलं होतं. एक लाट आली, माझी होडी उलटली आणि तिने विमलचीही ओढून उलटवली.

विमलला पोहता येत नव्हतं. अंगातल्या जॅकेटवर ती तरंगत होती आणि काठ जवळ होता. तरी ती हातपाय मारत माझ्याकडे आली. चाळीस वर्षांत मी तिचं एक ऐकलं नव्हतं. त्या वेळी ऐकलं. पाय ढिला सोडला. बावरलेल्या बैलाचा फास काढतात तसा तिने कासरा मागे सारून माझा पाय मोकळा केला. वर म्हणाली, "बैल तरी लवकर आयकते."

रात्री तंबूत माझ्या पायाला खोबरेल चोळताना ती हळूच म्हणाली, "बांधाले नोयतं पायजे. चुकलंच माहं." मी म्हटलं, "हो, तुहंच." तिने चूक कबूल केली ती तेवढीच.

नाकातोंडात पाणी गेल्याने परतीच्या बसमध्ये मी सारखी खोकत होते. तेव्हा खोकला म्हटलं की लोक पळत. आजूबाजूच्या सीटा रिकाम्या झाल्या. विमल मजेत पाय पसरून बसली. मोझरीजवळच्या आमच्या घरी ती दोन दिवसांसाठी उतरली आणि टाळेबंदी लागल्यावर दोन महिने अडकली. भाजीतल्या तिखटावरून आम्ही रोज भांडलो.

आता लोक भेटायला येतात आणि हळहळतात. मला मात्र सुटल्यासारखं वाटतं. ती पाण्यात गेली नाही, साथीतही गेली नाही. म्हातारी होऊन आपल्या घरात गेली. तिने बांधलेल्या कासऱ्यात मी अडकले आणि तिनेच मला सोडवलं. त्या धरणातून आम्ही दोघीही जिवंत बाहेर आलो.