सैल पोटाचा बुलबुल

"तुम्हाला जीबीएस आहे," डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने तेच मला परत सांगितलं, जणू मी दुसऱ्या खोलीत होते.

नाव मोठं आहे, गियाँ-बारे सिंड्रोम. अंगातली रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते. वायरवरचं प्लास्टिक सोललं की करंट नीट पुढे जात नाही, तसं काहीसं. हे डॉक्टरांनीच समजावलं. पुढे म्हणाले, "बहुतेक जण बरे होतात. पण हात किती आणि कधी परत येतील, ते आज सांगता येणार नाही."

बाकी सगळं विसरले, हातांपाशीच अडकले. मी सातवीत शाळा सोडलेली. गाव लांब हिंगोलीकडे, आम्ही दोघं दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला. हात गेले तर माझ्याकडे राहतं काय?

सुरुवात पायाच्या मुंग्यांनी झाली होती. वाटलं, उभं राहून आल्या असतील. मग द्राक्षाच्या घडातले मणी विरळताना कात्री हातातून पडली. उचलली, परत पडली. माझं ऐका, मुंग्या पायांतून वर चढायला लागल्या तर घरी बसू नका.

मला नाशकात द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात आणलं. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. त्यात नसेला बारीक झटका देऊन करंट किती पळतो ते बघतात. झटक्याची भीती नाही वाटली, तपासणारा माणूस काहीच बोलत नव्हता त्याची वाटली. मग आयव्हीआयजी सुरू केलं. लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं हे औषध सलाईनसारखं थेंब थेंब जातं. कोणाचं रक्त, कुठलं गाव, देव जाणे. त्या माणसांना मी रोज हात जोडायचे, तेही मनातल्या मनात, कारण हात जुळत नव्हते.

श्वासाचं यंत्र लागलं नाही. पाय हळूहळू उचलायला लागले. हात मात्र तसेच. फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाचे उपचार, द्यायला एक मॅडम यायच्या. त्या मऊ चेंडू दाबायला द्यायच्या. मी दाबायचे, चेंडू तसाच. मला रडू यायचं.

शेजारच्या खाटेवर निफाडच्या काकू होत्या, मणक्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. त्यांचा क्रोशा दिवसभर चालू. म्हणाल्या, "चेंडू दाबून काय रस निघतोय गं? हे घे. टाका चुकला तर कोणी मारत नाय."

मॅडमनी हरकत घेतली नाही. उलट सुईच्या दांड्याला पट्टी गुंडाळून तो जाड करून दिला, म्हणजे धरता यावा.

काय विणायचं, काकूंनी विचारलं. मी म्हणाले, बुलबुल. बागेत रोज तोच बघितलेला.

नवरा डबा घेऊन आला आणि बघतच राहिला. "हंगामात डबडं वाजवून पाखरं हाकलतो आपण, अन् तू इथं बुलबुल विणायलीस? मालकाला कळलं तर आपल्यालाच हाकलील."

"लोकरीचा बुलबुल द्राक्षं खात नाय, भाऊ," काकू म्हणाल्या. "तुमचं काय ते बघा."

शेपटीखालच्या लाल रंगापासून सुरुवात केली. मुके खांब, म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, गोल गोल घालत जायचे. दोरा बोटात टिकत नव्हता. पोट झालं, पण टाके इतके सैल की भरलेला कापूस बाहेर डोकवायचा. "पाखरू हाय का चाळणी?" काकू म्हणायच्या. मी हसायचे. त्या आजारात पहिल्यांदा हसले ते यावर.

तपकिरी संपून काळा रंग आला. मानेशी पोचले आणि एका सकाळी सुई टाक्यात शिरेचना. परत परत घातली, आत जाईना. आलेला हात परत चालला, असंच वाटलं.

काकूंनी विणकाम ओढून घेतलं. "अगं, किती आवळलंस! वेलाची काडी बांधती का तारेला? उसव मानेपासून."

खरंच होतं. काडी तारेला बांधताना गाठ ओढायची सवय, तशीच मी प्रत्येक टाका ओढत होते, आणि मला कळलंही नव्हतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. "उसवू नका," म्हणाल्या. त्यांनी पोटावर बोट टेकवलं, ते सरळ कापसात गेलं. मानेवर टेकवलं, ते वरच राहिलं. "पोट आणि मान, दोन्ही याच हातांनी विणलंय ना?" त्या हसल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

डॉक्टरांनी माझ्या दोन बोटांत कागद धरायला दिला आणि दुसऱ्या टोकाने ओढला. मी सोडला नाही. त्यांनी जोरात ओढला. कागद फाटला. अर्धा त्यांच्याकडे, अर्धा माझ्याकडे. डबा घेऊन आलेला नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

आता मी परत बागेत आहे. दुपारनंतर बोटं थकतात, तेव्हा बसते. आधी बसायची लाज वाटायची.

बुलबुल मी मॅडमना दिला. तो त्यांच्या टेबलावर असतो. माझ्यासारखं कोणी घाबरून आलं की त्या तो पुढे सरकवतात. तुमच्यावर कधी त्या टेबलासमोर बसायची वेळ आली, तर त्याच्या पोटाला बोट लावा. मग मानेला लावा.