फलालीनवरचं मेंढरू

एकोणीसशे साठच्या आसपास मी पुण्यात कमर्शियल आर्ट शिकत होते. आमच्या सरांना प्रेरणेचं भारी वेड. "प्रत्येकानं आपापली प्रेरणास्थानं भिंतीवर लावायची," असं त्यांनी एकदा फर्मान काढलं. झालं! सगळा वर्ग रद्दीवाल्याकडे धावला आणि परदेशी मासिकांची गुळगुळीत पानं फाडून घेऊन आला. सगळ्यांचा रद्दीवाला एकच, त्यामुळे एकच लाल मोटारगाडी भिंतीवर चार ठिकाणी लागली.

मी तीन चिठ्ठ्या लावल्या. दौंडचा सिग्नल, मांडवगणच्या मेंढरांवरच्या खुणा, आणि आत्या.

सर चष्मा सारखा करत म्हणाले, "पहिल्या दोन समजल्या. ही आत्या कुठली शैली?"

"शिरूरची, सर."

वर्ग हसला. हसू दे. माझं काही खोटं नव्हतं.

आई मी लहान असतानाच गेली. बाबा दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, त्यांच्या पाळ्या रात्री-अपरात्री, म्हणून मला शिरूरला आत्याकडे ठेवलेलं. आत्या मिशनच्या शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. सुट्टीत मी दौंडला जायची आणि स्टेशनच्या कठड्यावर बसून सिग्नल बघायची. एक दांडी. आडवी असली की थांबा, कलली की चला. एवढ्या दोन हालचालींवर अख्खी मद्रास मेल वागायची! याहून नेमकं चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

पण खरी गंमत शिरूरला होती. दर रविवारी चर्च सुटलं की आत्या एसटीनं आणि पुढं बैलगाडीनं मांडवगण फराट्याला जायची. तिथं कडुनिंबाखाली पोरांना जमवून गोष्टी सांगायची. तिच्याकडे एक फलालीनचा फळा होता. लाकडी चौकटीवर निळी फलालीन, म्हणजे मऊ लवदार कापड, ताणलेली, आणि कागदाची कापलेली चित्रं, त्यांच्या पाठीलाही फलालीनचा तुकडा डकवलेला. चित्र फळ्यावर दाबलं की चिकटून बसायचं, हवं तिथं सरकवता यायचं. परदेशातून मिशनच्या पेटीतून आलेला हा माल. आत्या त्याला एवढी जपायची, की माझ्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा माझ्या कपाळावर तिनं एवढ्या मायेनं हात ठेवला नसेल.

तिची लाडकी गोष्ट हरवलेल्या मेंढराची. धन्याची शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं, आणि तो बाकीची सोडून त्या एकाला शोधायला निघतो. पेटीतून आलेली मेंढरं मात्र सहाच. "बाकीची कुठं हायती?" असं कुणी विचारलं की आत्या अजिबात न डगमगता सांगायची, "टेकाडामागं चरतायत."

पण खरी पंचाईत वेगळीच होती. मांडवगणची निम्मी पोरं धनगरांची. आजोबांपर्यंत मेंढरांमागं फिरलेली घरं, आता शेतीला लागलेली, पण दारात दहा-वीस मेंढरं असायचीच. पहिल्याच दिवशी एका पोरानं फळ्याजवळ येऊन ती पांढरीशुभ्र, गुबगुबीत मेंढरं नीट निरखली आणि निकाल दिला, "बाई, ही मेंढरं न्हाईत. कापूस हाय."

वर दुसरी पोरगी म्हणाली, "आन् ह्येच्यावर खूण कुठं हाय? धन्याला कसं कळंल आपलं कंचं?"

खरंच होतं. त्यांच्याकडे लोकर कातरली की मेंढराच्या पाठीवर रंगानं खूण करतात. कुणाच्या घरची टिकली, कुणाच्या दोन रेघा, कुणाचा त्रिकोण. लांबून कळप आला की कुणाचा ते पोरंसुद्धा ओळखायची.

आत्या घरी येऊन झोपेपर्यंत धुमसली. मग मला म्हणाली, "चित्रं काढत बसतेस ना भिंतीवर? काढ आता कामाचं."

हरवणारं म्हणून मी एक काळं मेंढरू काढलं. बाकदार नाक, लोंबते कान, बारीक पाय, अगदी तिथल्यासारखं. खूण कुठली करावी, यावरून मात्र मांडवगणात भांडण जुंपलं. प्रत्येकाला आपल्याच घरची खूण हवी. शेवटी मी कुणाचीच नसलेली खूण शोधली: लाल अर्धा चंद्र आणि त्याच्या पोटात ठिपका. सगळी पोरं खूश. कुणाचंच नाही म्हटल्यावर ते सगळ्यांचंच झालं. पुढं कॉलेजात ट्रेडमार्क कसा करावा यावर सरांनी दोन आठवडे व्याख्यानं दिली, तेव्हा मी आपली खिडकीबाहेर बघत बसले होते.

तर सांगायचं म्हणजे, शेवटच्या वर्षी मुंबईच्या एका छोट्या कंपनीनं मला बोलावलं. थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवायच्या जाहिराती ते करायचे. केसांचं तेल, दंतमंजन, असलं सगळं, पण कार्टूनमध्ये, हलत्या चित्रांत. मला दुसरं काही नको होतं. पाच दिवसांत कळवा, म्हणाले.

बाबांनी नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं. "आत्यानं वाढवलंय तुला. ती हो म्हणाली तर जा. नाही म्हणाली तर माझ्याकडे येऊ नकोस."

मी शिरूर गाठलं. आणि आत्या म्हणाली, "नाही."

"अगं पण का?"

"शिरूरच्या शाळेत ड्रॉइंग टीचरची जागा आहे. चित्रं हलवायला मुंबईला कशाला जायला पाहिजे? वारा आला की आपोआप हलतात."

मी रडले, चिडले, जेवले नाही. आत्यावर ढिम्म परिणाम नाही. मग मी डोकं चालवलं. एक छोटी वही केली आणि प्रत्येक पानावर तेच मेंढरू जरा जरा पुढचं काढलं. भरभर पानं सोडली की मेंढरू टुणकन कुंपणावरून उडी मारायचं. दोन दिवस खपून काढलं आणि आत्याच्या हातात दिलं.

आत्यानं चष्मा लावला. बोट जिभेला लावलं. पहिलं पान उलटलं, नीट पाहिलं. पुन्हा बोट जिभेला, दुसरं पान. उपासनेला गीतांचं पुस्तक उघडावं तशी ती वही तिनं पान पान करून शेवटपर्यंत वाचली. मला मध्ये बोलू दिलं नाही. मग चष्मा काढून म्हणाली, "सगळ्या पानांवर तेच मेंढरू. तुला विषय बदलता येत नाही का? केवढा कागद वाया!"

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तू फळ्यावर करतेस तेच आहे हे!"

"मी कार्टून करते?" आत्या अशी काही उसळली, की मी सरळ गच्चीवर पळाले.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवायचं होतं. आणि सकाळी आत्याचा घसा ठार बसलेला! चर्चमध्ये तिचा आवाज ऐकू आला नाही म्हणून पाळकसाहेब दोनदा मागं वळून बघत होते. मांडवगणला जायचं टाळेल तर ती आत्या कसली? खुणेनंच तिनं मला हुकूम केला: तू गोष्ट सांग, चित्रं मी हलवते.

मी कडुनिंबाखाली उभी राहून सांगायला लागले. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, पण नेहमी पोरांच्या गर्दीत बसून. आज पहिल्यांदा आत्याच्या हाताकडे एवढ्या जवळून पाहिलं. मेंढरू कळपातून निघालं. आत्यानं ते बोटभर सरकवलं, थांबली. पुन्हा बोटभर. मग तिनं ते नुसतं जरासं मागं वळवलं, घराकडं नाक करून, आणि तसंच ठेवलं. काही केलं नाही. नुसतं थांबवलं. मग हळूच खाली, फळ्याच्या कोपऱ्यात.

मागून एक पोरगं ओठ मुडपून मेंढरांना बोलावतात तसा आवाज काढायला लागलं. मग दुसरं. मग सगळीच. "हिकडं! आरं हिकडं ये!" पुढची एक चिमुरडी हमसून रडायला लागली. आणि मी पुढचं वाक्यच विसरले. कागदाचा तुकडा तो, मीच कापलेला!

परतताना गाडीत मी आत्याला धरलं. "हेच. मला हेच काम करायचंय. आणि हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. तू शिकवलंस. मग आता नाही कसं म्हणतेस?"

आत्याला बोलता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं तिनं सगळं ऐकून घेतलं. देवानं तिचा घसा माझ्यासाठीच बसवला होता, असं मला आजही वाटतं.

घरी आल्यावर तिनं पत्र्याची पेटी उघडली. ते काळं मेंढरू काढलं आणि माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या वर, नीट ठेवलं. मग फाटक्या आवाजात एवढंच म्हणाली, "दौंडहून मुंबईची गाडी किती वाजता असते?"

मी गेले. दंतमंजनाच्या जाहिरातीत दात नाचवले, तेलाच्या जाहिरातीत केस. मेंढरू माझ्या टेबलावर असायचं. कुठली हालचाल जमेना झाली की मी ते कॅमेऱ्याखाली ठेवून सरकवून बघायची. कंपनीतले लोक हसायचे. हसू दे.

नाताळच्या सुट्टीत घरी आले आणि आत्याबरोबर मांडवगणला गेले. गाडीतून उतरते न उतरते तोच पोरं भोवती जमली. ती रडकी चिमुरडी पुढं येऊन दरडावून म्हणाली, "तुमीच न्हेलं व्हय मेंढरू?"

मला कळेना. मग एक पोरगं म्हणालं, "बाई तशीच गोष्ट सांगत्यात. रिकाम्या जागंवर बोट ठेवत्यात. इचारलं तर म्हंत्यात, मेंढरू मुंबईला गेलंय, यील."

मी आत्याकडे पाहिलं. ती फळा उभा करण्यात फार गुंतली होती. मी पर्समधून मेंढरू काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते फळ्यावर दाबलं, आणि ते पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पडलं. मुंबईला सरकवून सरकवून त्याच्या पाठीची फलालीन पार झिजून गेली होती.

"काय केलंस गं त्याचं तिथं नेऊन?" आत्या पुटपुटली. मग तिनं मेंढरू उचललं, फळ्यावर ठेवलं, आणि त्यावर एक बोट धरलं.

गोष्ट लांबलचक. धनी डोंगर हिंडला, काट्यांतून गेला, हाका मारत राहिला. आत्यानं दुसऱ्या हातानं त्याला सगळीकडे फिरवलं. मेंढरावरचं बोट मात्र गोष्ट संपेपर्यंत काढलं नाही.