पाण्यातले दिवस सांगणारे काका

आमच्या मावशीच्या यजमानांनी जन्मात कुणाच्या तोंडाकडे नीट बघितलं नसेल. त्यांची नजर आधी समोरच्याच्या तळहातावर जायची. काका गुंद गावचे पोलीस पाटील. काळी नदीत बुडालेलं माणूस काठाला लागलं की पंचनाम्याला तेच जात, आणि प्रेत किती दिवस पाण्यात होतं हे डॉक्टरच्या आधी सांगत. ही विद्या त्यांनी घरीच कमावली. सकाळभर बादलीत पाय सोडून बसायचे, कातडीला सुरकुत्या कधी पडतात ते बघत. "लोणचं घालताय व्हय पायांचं?" मावशी ओरडायची. धुणं धुणाऱ्या बायकांचे हात न्याहाळायला गेले, तर बायकांनी ओल्या लुगड्यांनी पिटाळलं. एकदा भर मांडवात नवरीचा हात बघून म्हणाले, "पोरीनं सकाळपास्नं भांडी घासलीत!" नवरीच्या आईला घाम फुटला.

एका हिवाळ्यात नदीत ओंडके लोटणारा एक गडी बेपत्ता झाला. चौथ्या दिवशी प्रेत सापडलं. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. त्याच्या बायकोनं हंबरडा फोडला. बायका तिच्या बांगड्या फोडायला सरसावल्या, तोच काका प्रेताशी उकिडवे बसले. तळहाताचं पांढरंफटक कातडं मोज्यासारखं सुटून आलं, केस नुसत्या बोटानं निघाले.

"थांबा! पोरी, ह्यो तुझा न्हवं. ह्यो धा-बारा दिसांचा हाय. तुझा तर चार दिसांमागं तुझ्या हातचं जेवलाय."

बांगड्या वाचल्या. त्या बेवारशाला काकांनीच अग्नी दिला. ती मात्र सकाळ-संध्याकाळ काकांच्या अंगणात यायची. "पाटीलअण्णा, येतील न्हवं?" काका खाली मान घालून सुपारी कातरत राहायचे.

दोन दिवसांनी तिचा नवरा ओंडक्यांखाली अडकलेला सापडला. कातडी सुरकुतलेली, पण जागच्या जागी. चेहरा ओळखू येत होता. काकांनी या वेळी दिवस सांगितले नाहीत. घरी येऊन मावशीला एवढंच म्हणाले, "मी गप बसलो असतो तर ती एकदाच रडली असती."

दहाव्याला काका मागं उभे होते, शेजारी मी. तिनं दिराला दोन पिंड ठेवायला लावले. "दुसरा कुणाचा?" भटजींनी विचारलं.

"त्या आधीच्याचा," ती म्हणाली. "घटकाभर का हुईना, माझा नवरा म्हणून रडले हाय मी त्याला."

परतताना वाटेत काका मला म्हणाले, "इतक्यांचे दिस मोजले मी. रडायचं कुणासाठीच ध्यानात आलं न्हाई बघ."