सात नंबरचं शहर

माझ्या सासूबाई तोंड उघडण्याआधी नखाने दोनदा टकटक करतात. बाथरूमच्या दारावर, चहाच्या कपावर, मी पाठमोरी असले तर ओट्यावर. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी काय घंटा वाजवून बोलवायची नोकर आहे? पुढे कळलं, ती त्यांच्या नोकरीची खोड. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचा फोन तेव्हा ऑपरेटर जोडून द्यायच्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. सकाळी कामावर आलं की हेडफोन कानाला लावायचा आणि तोंडापुढच्या माइकवर नखाने टकटक करायची. पलीकडून टकटक आली की लाइन ठीक, मग बोलायचं. नावं सांगायची नाहीत असा साहेबांचा नियम होता. सासूबाई अकरा नंबर आणि त्या दुसऱ्या शहरातली बाई सात नंबर.

नियम साहेबांचा, पण जिभा बायकांच्या. कॉल नसले की दोघींच्या गप्पा चालायच्या. एकमेकींचं नाव ठाऊक नाही, चेहरा ठाऊक नाही, पण एकीच्या नणंदेने काय टोमणा मारला ते दुसरीला दुपारपर्यंत कळलेलं असायचं.

आणि मग माझा नवरा आजारी पडला. म्हणजे तेव्हा तो तान्हा होता, पाळण्यातला. ताप उतरेना. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं, ते आमच्या गावात कुठल्याच दुकानात नव्हतं. सासूबाईंनी बाळाला आजीच्या मांडीवर ठेवलं आणि धावत जाऊन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसल्या, कारण फोन तिथेच होता. सात नंबरने सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, "तू रडू नकोस, लाइन अडते." तिने तिच्या शहरातल्या एकूण एक औषधाच्या दुकानाला फोन लावला. मिळालं तेव्हा स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन ते विकत घेतलं आणि आमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. संध्याकाळी इंजेक्शन पोचलं. बाळ वाचलं.

ते पुरतं बरं झाल्यावर सासूबाई कामावर गेल्या, तर कॉल जोडायचा बोर्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलेला. स्वयंचलित यंत्र आलं होतं. लाइन तुटली ती तुटलीच. "तिने रोज विचारलं असेल गं, बाळ कसं आहे म्हणून," सासूबाई म्हणतात, "आणि इकडून तिला कोणी उत्तर दिलं नसेल." जाऊन यायचं किती वेळा ठरलं. पण बदली झाली, धाकट्या नणंदेचं लग्न आलं, सासरे अंथरुणाला खिळले. संसारात उद्याचा उद्या कधी उजाडत नाही.

यंदा कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आईंचं, ऐकू येणं झपाट्याने कमी होणार. घरी येऊन त्यांनी टेबलावर टकटक केली. "मला तिकडे जायचंय. चेहरा मी पाहिलेला नाही. कान गेले तर तिला ओळखू कशाने?"

नवरा म्हणाला, "आई, इतक्या वर्षांनी? गवताच्या गंजीत सुई शोधायला निघालीस." पण सुई शोधायला सोबत कोण जाणार? अर्थात मी. हे महाशय घरातल्या घरात स्वतःच्या किल्ल्या शोधू शकत नाहीत.

पहाटेची बस पकडली. डबा, पाण्याची बाटली, छत्री, सगळं घरून. उतरल्यावर मी टॅक्सीला हात केला, तर आईंनी माझा हात खाली केला. "पाय काय शोभेला दिलेत? आणि टॅक्सीत काचा वर असतात. मग मला ऐकू काय येणार?" मी फोनवर नकाशा उघडला. त्यात ते एक्स्चेंज नव्हतंच, कुठून असणार. आईंचा नकाशा त्यांच्या कानात होता. सात नंबरच्या पाठीमागे खिडकीतून जे जे ऐकू यायचं, तेवढंच शहर त्यांना ठाऊक. एक मोठं घड्याळ ठोके द्यायचं. कुठेतरी लोखंडावर घण पडायचे.

"घड्याळाच्या अगदी अंगाला," त्या ठासून म्हणाल्या. "ठोके पडायला लागले की आम्ही बोलणं थांबवायचो, इतकं जवळ."

मग आम्ही घड्याळाच्या दिशेने चालत निघालो. खरं सांगते, मजा आली. भाजीबाजारातून गेलो, एका बागेच्या कट्ट्यावर बसलो, फुकटात पाहता येईल ते सगळं पाहिलं. सासूबाई प्रत्येकाचे आभार मानत होत्या. सार्वजनिक नळाला चांगलं पाणी आलं तर नळाचे. बँकेच्या रखवालदाराने बाथरूम वापरू दिलं तर त्याला असा तोंडभर आशीर्वाद दिला की तो बिचारा उठून उभा राहिला. मी नव्या चपला घालून आले होते, ती माझी अक्कल. टाचेला फोड आला तेव्हा त्यांनी आपल्या रुमालाची पट्टी फाडून बांधली आणि वर म्हणाल्या, "चपला पाहून आणल्यास, चालून नाही."

घड्याळ सापडलं. उंच, दगडी. चारी बाजूंनी कापडाची दुकानं. आम्ही प्रत्येक दुकानात विचारलं. एक्स्चेंज इथे कधीच नव्हतं, सगळ्यांनी हेच सांगितलं. आईंचा चेहरा उतरला. घड्याळाखालच्या पायरीवर बसून आम्ही डबा खाल्ला, म्हणजे मी खाल्ला. त्यांनी आपला वाटा तसाच परत डब्यात ठेवला. परतीच्या बसची चिंता मी मनातल्या मनात करायला लागले होते.

तेवढ्यात बाराचे ठोके पडले. कानठळ्या बसल्या. आईंनी डोळे मिटून सगळे ऐकले, मग हळूच म्हणाल्या, "हे नाही. म्हणजे घड्याळ तेच आहे, पण जागा ही नाही. फोनवर प्रत्येक ठोक्यामागे एक बारीक ठोका यायचा. पाण्यावरून आल्यासारखा."

मी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. सकाळपासून तिकडून ओलसर वारा येतोय म्हणून मी कुरकुरत होते. तिकडे नदी होती. कापडवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "पलीकडच्या काठाला होतं बुवा एक जुनं टेलिफोनचं ऑफिस." म्हणजे त्याची खिडकी नदीवर उघडत असणार, पाण्यावरून आवाज सरळ आत यायचा आणि माइकमधून थेट आमच्या आईंच्या कानात. ज्या बाईने जग कानाने पाहिलं, तिला ते शेजारीच वाटणार.

लंगडत पूल ओलांडला. पलीकडे पोचलो आणि एकचा ठोका पडला, मागोमाग एक बारीक. आई भर रस्त्यात थांबल्या. "हे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, ऊन लागलं असेल.

ऑफिसच्या जागी आता फर्निचरचं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या हमालाने डोकं खाजवलं. "ऑपरेटर बायका? बाकीच्यांचं माहीत नाही. एक आहे मागच्या गल्लीत. रफू करते."

गल्लीत शिरलो आणि एका दारातून आवाज आला. कोणीतरी गिऱ्हाइकाला झापत होतं, "कोट नवा आहे म्हणता, मग कसरीने काय जुना समजून खाल्ला?" आईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "तीच. आवाज तसाच आहे गं. जरासुद्धा बदललेला नाही." मग दारात उभं राहून त्यांनी आपला ठेवणीतला, ऑपरेटरचा स्वच्छ आवाज काढला, "सात नंबर?"

आतल्या पांढऱ्या केसांच्या बाईने मान वर केली नाही. आईंनी पुन्हा हाक मारली. कोटवालाच शेवटी म्हणाला, "ओरडून उपयोग नाही. त्यांना ठार ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली."

आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी उत्तर घेऊन आल्या होत्या आणि ते ऐकायला पलीकडे कान नव्हते. कागदावर 'अकरा नंबर' लिहून देऊ या, असं मी म्हणणार होते, पण आईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

त्या बाई टेबलाशी बसल्या होत्या, डावा पंजा लाकडावर पालथा, कोट दाबून धरलेला. आई पुढे गेल्या, वाकल्या आणि त्या पंजाशेजारी नखाने दोनदा वाजवलं. टकटक.

सुई थांबली. बाईंनी वर पाहिलं नाही. नुसत्या टेबलाकडे बघत राहिल्या. मग त्यांचं बोट हळूच उचललं गेलं आणि लाकडावर दोनदा पडलं. मग कुठे त्यांनी मान वर केली. आईंकडे पाहिलं.

"अकरा नंबर?" त्या म्हणाल्या. आणि लगेच, एका श्वासात, "बाळ?"

आईंनी मला कोपराने ढोसलं. मी पर्समधून फोन काढला आणि नवऱ्याचा फोटो समोर धरला. टक्कल, ढेरी, मागच्या सहलीत आइस्क्रीम खाताना काढलेला. त्या बाईंनी चष्मा लावून तो निरखला. "हा?" म्हणाल्या, "एवढा मोठा?" हसू लागल्या, हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या, आणि फोनवरच्या त्या टकलावर त्यांनी नखाने दोनदा वाजवलं.

पुढचा सगळा वेळ दोघी हात हातात घेऊन बसल्या. एक बोलत होती आणि दुसरी तिच्या ओठांकडे बघत होती. मध्येच त्यांनी एकमेकींना नावं सांगितली आणि दोघींना ती पसंत पडली नाहीत. मी चहा केला. माझ्या चपलेचा अंगठा सुटला होता, तो सात नंबरने न विचारता शिवून दिला.

शेवटच्या बसमध्ये आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. नवऱ्याचा फोन आला. "अगं, कपाटाची किल्ली कुठे आहे? अर्धा तास शोधतोय."

एरवी मी त्याचा उद्धार केला असता. आज म्हटलं, "फ्रिजवर, डब्यामागे. जेवलास का?"

"जेवलो," तो बिचकत म्हणाला. "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे," मी म्हटलं, आणि फोन ठेवायच्या आधी नखाने दोनदा टकटक केली.

"काय वाजतंय गं?"

"काही नाही. लाइन बघत होते."